हायवेला गाडी थरथरतेय? आधी ती कधी थरथरते ते शोधा

शहरात गाडी एकदम व्यवस्थित, काही आवाज नाही, काही नाही, आणि हायवेला लागून काटा ८५-९० च्या पुढे गेला की स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं, ११०-११५ ला परत बरंच शांत होतं. हे ज्यांच्या गाडीत होतंय त्यांच्यासाठी लिहितोय, विशेषतः ज्यांनी पहिल्यांदाच गाडी घेतलीय आणि गॅरेजमध्ये जाऊन नेमकं काय सांगायचं हेच ज्यांना कळत नाही. कारण "गाडी व्हायब्रेट होते" एवढंच सांगितलं की समोरचा माणूस त्याच्या अंदाजाने सुरुवात करतो, आधी अलाइनमेंट, मग टायर, मग शॉकअप, मग लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा), एकेक पार्ट बदलत जातो आणि थरथर तिथल्या तिथेच. मी स्वतः यातून गेलोय. पुढचे दोन्ही लोअर आर्म बदलून झाले माझ्या गाडीचे, आणि शेवटी कारण सापडलं ते मागच्या चाकात, ते पुढे सांगतोच.

मुख्य गोष्ट एकच आहे. गाडीत जे जे फिरतं ते आपापल्या तालावर फिरतं, आणि थरथर कुठल्या तालावर येतेय ते कळलं की निम्मं काम झालं. चाकं गाडीच्या स्पीडवर फिरतात, इंजिन आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या स्वतःच्या फेऱ्यांवर फिरतं, डिस्कमधला दोष फक्त ब्रेक दाबल्यावर बोलतो आणि ॲक्सलचे (इंजिनचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचे) जॉइंट ताण आला की बोलतात. हे चार ताल वेगळे करता आले पाहिजेत, बस. त्यासाठी मशीन लागत नाही, एक मोकळा सरळ रस्ता आणि शेजारी बसून लिहून घेणारा एक माणूस लागतो.

पण टेस्ट ड्राइव्हच्या आधी हे वाचा. काही थरथरी अशा असतात की तिथे परीक्षा घेत बसायचं नाही, गाडी बाजूला घ्यायची. थरथर अचानक सुरू झाली आणि दर किलोमीटरला वाढतेय, किंवा थप-थप-थप असा आवाज स्पीडबरोबर जलद होतोय, किंवा स्टिअरिंग सैल, तरंगल्यासारखं वाटतंय, किंवा कालच कुठेतरी चाक खोललं होतं आणि आज खडखड येतेय, यातलं काहीही असेल तर इंडिकेटर देऊन हळूहळू सुरक्षित जागी थांबा आणि आधी चाकाचे नट आणि चारही टायर बघा. नट ढिले असतील तर चाक निखळू शकतं. टायरच्या आतला तारांचा पट्टा सुटला असेल तर टायर फुटू शकतो. गाडी थांबवली तर फार तर अर्धा तास जाईल, तो जाऊ द्या.

आता पहिली पायरी, नोंद करणं. टायर गरम व्हायला आधी १५-२० किमी गाडी चालवा. गाडी दोन-तीन आठवडे एकाच जागी उभी असेल तर टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे थोडा चपटा होतो, सुरुवातीला धडधड जाणवते आणि टायर तापला की जाते, त्यामुळे थंड टायरवर निष्कर्ष काढू नका. मग रस्ता चांगला बघून, मागेपुढे गाड्या नसताना, स्पीड लिमिटच्या आतच राहून ६० पासून हळूहळू वाढवत न्या आणि शेजारच्याला सांगत राहा: कितीला सुरू झाली, कितीला सगळ्यात जास्त, पुढे कमी होते की वाढतच जाते. आणि कुठे जाणवते. हातात, म्हणजे स्टिअरिंगमध्ये, की सीटखाली आणि फ्लोअरला? स्टिअरिंग थरथरत असेल तर बहुतेक वेळा पुढची चाकं, सीट आणि फ्लोअर थरथरत असेल तर मागची. हा नियम शंभर टक्के नाही, पण सुरुवात करायला चांगला आहे. माझं नेमकं इथेच चुकलं होतं. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून चालवायचो, अख्खी गाडी हलतेय म्हणजे स्टिअरिंग पण हलणारच, आणि मी सगळ्यांना "स्टिअरिंग व्हायब्रेट होतं" असंच सांगत गेलो. एक दिवस पुतण्या मागच्या सीटवर बसला होता, तो म्हणाला, "काका, मला तर पाठीला जास्त लागतंय." मग मी पकड सैल केली, दोन्ही हात नुसते टेकवून ठेवले, तर स्टिअरिंग जवळजवळ शांत होतं! म्हणून सांगतो, पकड सैल करून बघा (हात सोडायचे नाहीत), आणि मागे कुणाला तरी बसवा.

दुसरी नोंद, स्पीड तोच ठेवून आरपीएम बदला. समजा ९० ला टॉप गिअरमध्ये थरथर येतेय, तर एक गिअर खाली घेऊन परत ९० च ठेवा. आरपीएम वाढला पण थरथर तशीच, तर ती चाकांच्या बाजूची आहे, इंजिनची नाही. थरथर बदलली किंवा गेली तर इंजिन, माउंटिंग (इंजिनचे रबरी आधार), क्लच या बाजूला बघायचं. मॅन्युअल गाडी असेल तर ९० ला क्षणभर क्लच दाबूनही हेच कळतं, आरपीएम खाली येतो आणि गाडी तिच्या वेगाने धावत असते. ऑटोमॅटिकवाल्यांनी मॅन्युअल मोड असेल तर तो वापरा, चालत्या गाडीत गिअर लिव्हरशी उगाच खेळू नका. आणि कुणी कितीही सांगितलं तरी चालत्या गाडीत इंजिन बंद करायचं नाही, पॉवर स्टिअरिंग जातं, ब्रेकचा बूस्टर जातो, चावीवाल्या गाडीत चावी पूर्ण मागे फिरली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

तिसरी, त्याच स्पीडला एक्सलरेटर जरा जास्त दाबून बघा आणि मग पूर्ण सोडून बघा. दाबल्यावरच येते आणि सोडल्यावर जाते, तर ॲक्सल. चौथी, ब्रेक. मागे कुणी नाही ना ते आरशात बघून हलका ब्रेक लावा. ब्रेक लावल्यावरच येत असेल तर बॅलन्सिंगवर, म्हणजे चाकांचा तोल साधण्यावर पैसे घालवू नका, सरळ खाली डिस्कवाला भाग वाचा.

बहुतेकांची नोंद अशी निघेल: ८०-९० ला सुरू, शंभरच्या आसपास सगळ्यात जास्त, पुढे कमी, गिअर बदलून काही फरक नाही, ब्रेकचा संबंध नाही. ही चाकांच्या तोलाची खूण. आता हे ठरावीक स्पीडलाच का होतं ते समजून घ्या, कारण ते समजलं की कुणी काहीही सांगितलं तरी तुम्ही फसणार नाही. १९५/६५ आर १५ हा टायर घ्या, अगदी कॉमन साइझ, त्याचा घेर जवळजवळ २ मीटर असतो. १०० च्या स्पीडला गाडी सेकंदाला पावणेअठ्ठावीस मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला साधारण १४ वेळा फिरतं. आता त्या चाकाच्या रिमवरून ३० ग्रॅमचं एक वेट (तोल साधायला रिमवर लावलेला धातूचा छोटा तुकडा) पडलंय असं समजा, ३० ग्रॅम म्हणजे काहीच नाही, पण १०० ला ते ३० ग्रॅम चाकाला साधारण साडेचार किलोच्या जोराने बाहेर ओढतात, सेकंदाला १४ वेळा, दर वेळी वेगळ्या दिशेला. हा जोर स्पीडच्या वर्गाने वाढतो, ५० ला तो एक चतुर्थांश, जेमतेम एक-सव्वा किलो, म्हणून शहरात काही कळत नाही. मग ११५ ला कमी का होतं? कारण सस्पेन्शन आणि स्टिअरिंगला स्वतःचा असा झुलायचा एक ताल असतो, झोपाळ्याला असतो तसा, आणि चाकाचा ताल त्याच्याशी जुळला की थरथर मोठी होते, पुढे निघून गेला की लहान होते. दोष तिथेच असतो, फक्त जाणवत नाही, म्हणून "मी ११५ नेच चालवतो" हा उपाय नाही. बेअरिंग आणि बुश (जोडांमधली रबरं) तेव्हाही मार खातच असतात.

दुसरी पायरी, डोळे आणि हात. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावलेला, टायर थंड. आधी हवा, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जेवढी लिहिलीय तेवढी. मग सगळे नट पान्याने तपासा. मग प्रत्येक टायरच्या बाहेरच्या आणि आतल्या भिंतीवर बघा, कुठे फुगा आलाय का, कट गेलाय का. आतली बाजू कुणी बघत नाही, पुढची चाकं स्टिअरिंग पूर्ण वळवून बघता येतात, मागची टॉर्च घेऊन वाकून. फुगा म्हणजे आतले धागे तुटलेत, तो टायर काढायचाच, त्याला दुरुस्ती नाही. मग तळहात टायरच्या नक्षीवरून हळू फिरवा, पण आधी तारा बाहेर आल्या नाहीत ना ते बघा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर अलाइनमेंट बिघडलंय, जागोजागी खड्डे-उंचवटे लागले तर शॉकअप दमलेत किंवा तोल बरेच दिवस गेलेला आहे, आणि एकाच ठिकाणी मोठा उंचवटा किंवा नक्षी वाकडी गेलेली दिसली तर आतला पट्टा सुटतोय, त्या टायरवर हायवेला जाऊ नका. टायरच्या भिंतीवर शेवटी चार आकडे असतात तेही बघून ठेवा, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर आहे पण टायर म्हातारा झालाय असं खूप गाड्यांत असतं, विशेषतः जुनी गाडी घेतलेल्यांच्या.

आणि रिम आतून बघा. माझ्या गाडीत मागच्या डाव्या रिमच्या आत, खोबणीत, मुठीएवढा चिखल वाळून बसला होता, रिमच्याच रंगाचा झालेला, टॉर्च तिरका मारला तेव्हा त्याची कड दिसली. स्क्रू ड्रायव्हरने टोकरला तर एकच मोठा ढेकूळ सुटून हातात आला, वजन केलं नाही पण शंभर ग्रॅमच्या वरच असेल. पावसात कच्च्या रस्त्याने गेलो होतो आणि नंतर गाडी फक्त बाहेरून धुतली होती. तेवढा चिखल काढला, चाक परत बॅलन्स केलं, थरथर संपली. दोन लोअर आर्म त्याआधी निघाले होते. त्यामुळे चिखल, चिकटलेलं डांबर, नक्षीत अडकलेले दगड, सगळं आधी साफ करा. रिमवर वेट असल्याची खूण, चौकोनी स्वच्छ डाग किंवा गमचा पट्टा दिसतो पण वेट नाही, असं दिसलं तर बहुतेक चोर सापडला.

तिसरी पायरी फुकटातली आहे. पुढची चाकं मागे, मागची पुढे. थरथर स्टिअरिंगमधून सीटमध्ये गेली (किंवा उलट) तर दोष चाकाबरोबर फिरतोय, म्हणजे टायर किंवा रिम. जिथल्या तिथेच राहिली तर दोष हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), डिस्क, ॲक्सल, सस्पेन्शन यांच्यात. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर चाक त्याच बाजूला ठेवून पुढे-मागे करा. पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या साइझचे असतील तर हे करू नका. स्टेपनी पूर्ण साइझची आणि चांगली असेल तर ती एकेका चाकाच्या जागी लावूनही कुठलं चाक ते कळतं, बारीक टेम्पररी स्टेपनी असेल तर नाही, त्यांच्यावरच ८० ची मर्यादा लिहिलेली असते.

एका वेळी एकच बदल करा, हे मी कितीदा सांगू तितकं कमीच आहे. बॅलन्सिंग, अलाइनमेंट, टायर सगळं एकदम केलं आणि थरथर गेली तर कशामुळे गेली ते कधीच कळणार नाही, आणि नाही गेली तरी नाही.

चौथी पायरी, नीट बॅलन्सिंग. बॅलन्सिंग केलंय आणि नीट केलंय यात फार फरक आहे, म्हणून चाक मशीनवर असताना शेजारी उभे राहा, टायरवाला चांगला असेल तर त्याला वाईट वाटत नाही. जुनी सगळी वेट आधी काढली पाहिजेत. रिमच्या मधल्या भोकाची कड घासून साफ झाली पाहिजे, कारण मशीनचा कोन तिथे बसतो, तिथे गंज किंवा माती राहिली की चाक मशीनवरच तिरकं बसतं आणि मशीन खोटं वजन सांगतं. वेट लावून दोन्ही बाजू शून्य आल्या की सांगा, चाक ढिलं करून मशीनवर अर्धा फेरा फिरवून परत बसवा आणि परत फिरवा. तरीही शून्य किंवा पाचेक ग्रॅमच्या आत आलं तर बॅलन्सिंग खरं. वीस-तीस ग्रॅम दाखवलं तर चाक मध्यावर बसलंच नव्हतं. ही एक गोष्ट जरी लक्षात ठेवलीत तरी दोन-तीन चकरा वाचतील.

चाक मशीनवर फिरत असताना आणखी एक बघा, रिमच्या कडेजवळ बोट न नेता, स्टँडवर टेकवलेली एखादी काडी किंवा पेन धरून, कड आणि काडीमधली फट फिरताना सारखी राहते का कमी-जास्त होते. रिम दीड-दोन मिलिमीटर जरी उड्या मारत असेल तर रिम वाकलाय, खड्ड्यात आपटलेल्या रिमचं असं होतं, आणि वाकलेला रिम मशीनवर शून्य दाखवू शकतो तरी गाडीत थरथरतो, कारण वजन समान झालं पण गोल नाही झालं. टायरचंही तसंच तपासा. टायर रिमवर नीट बसला नसेल तर रिमच्या कडेजवळ टायरवर जी बारीक गोल रेघ असते ती रिमपासून कुठे जवळ कुठे लांब दिसते.

बाहेरून अलॉय घेतलेत का? मग अजून एक शक्यता. बऱ्याच अलॉयचं मधलं भोक मोठं ठेवलेलं असतं म्हणजे ते वेगवेगळ्या गाड्यांना बसतं, आणि तुमच्या हबवर ते सैल बसतं, मधली फट भरायला प्लॅस्टिक किंवा ॲल्युमिनियमची एक रिंग लागते. ती रिंग नसेल किंवा चाक खोलताना कुठेतरी पडली असेल तर मशीनवर सगळं शून्य आणि रस्त्यावर थरथर. नव्या अलॉयनंतरच त्रास सुरू झाला असेल तर पहिलं हेच बघा.

अलाइनमेंटबद्दल. हे नाव बॅलन्सिंगबरोबर एका दमात घेतलं जातं म्हणून लोकांना दोन्ही एकच वाटतं. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन. ते बिघडले की गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग सरळ राहत नाही, टायर एका कडेने खाल्ले जातात. एका लयीत येणारी थरथर अलाइनमेंटने सहसा येत नाही आणि त्याने जातही नाही, फार तर असं होतं की बिघडलेल्या अलाइनमेंटने टायर वेडावाकडा झिजतो आणि मग तो टायर थरथरतो. तेव्हा अलाइनमेंट जरूर करा, पण थरथरीचं औषध म्हणून नको.

ब्रेक लावल्यावरच थरथर. याला "डिस्क वाकडी झाली" म्हणतात, पण बऱ्याचदा ती वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते, आणि मिलिमीटरच्या काही शतांश भागाचा फरकही पायाला जाणवतो. पेडल आणि स्टिअरिंग दोन्ही थरथरत असेल तर पुढच्या डिस्क, पेडल आणि सीट असेल तर मागचे डिस्क किंवा ड्रम. नवीन डिस्क टाकताना हबवरचा गंज घासून काढला नाही तर नवीन डिस्कसुद्धा काही हजार किलोमीटरमध्ये तशीच होते, हे आवर्जून सांगा. जोरात ब्रेक मारल्यावर पेडलखाली जे टरटर होतं ते एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा), तो दोष नाही. आणि एक वेगळाच प्रकार: सुरुवातीला काही नाही, २०-३० मिनिटं चालवल्यावर थरथर सुरू, गाडी किंचित ओढते, थांबल्यावर एका चाकापाशी जळका वास. कॅलिपर, म्हणजे डिस्कला दाबून धरणारा ब्रेकचा चिमटा अडकलाय, ब्रेक सुटतच नाहीये. त्या रिमला हात लावू नका, भाजेल, जवळ हात नेला तरी उष्णता कळते. अशी गाडी पुढे दामटू नका.

एक्सलरेटर दाबल्यावर येणारी थरथर, विशेषतः चढाला आणि ओव्हरटेक करताना, सोडल्यावर गायब, ही पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ॲक्सलच्या आतल्या जॉइंटची खूण. बाहेरचा जॉइंट वेगळा बोलतो, पूर्ण वळवताना कट-कट. रबराचा बूट फाटला असेल तर आजूबाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसतं, ते वेळेत दिसलं तर नुसता बूट बदलून भागतं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या किंवा फोर बाय फोर गाडीत प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा) असतो आणि तो चाकाच्या साधारण चौपट वेगाने फिरतो, म्हणून त्याची थरथर बारीक, गुणगुणल्यासारखी, फ्लोअरमधून पायांना येते. तिथे क्रॉस (शाफ्टचा सांधा) आणि मधलं बेअरिंग तपासायला सांगा.

बेअरिंग थरथरण्याआधी गुणगुणतं. मोकळ्या रस्त्यावर किंचित डावीकडे-उजवीकडे घ्या, लांब वळणावर तर आपोआप कळतं: गाडी डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं, तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्या बेअरिंगवर. नक्की करायला गाडी जॅकवर घ्या, पण स्टँड लावूनच, बाकीच्या चाकांना पुढेमागे ठोकळे लावून, आणि गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग नको. चाक वर-खाली धरून हलवा, खुळखुळलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवी बाजू धरून हलवल्यावर खुळखुळलं तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा सांधा). अंदाज येत नसेल तर हे गॅरेजमध्ये लिफ्टवर करून घ्या, फक्त तुमच्यासमोर हलवून दाखवा म्हणा. झिजलेले बुश आणि जॉइंट स्वतः थरथर निर्माण करत नाहीत, चाकातली थरथर ते मोठी करतात, त्यामुळे आधी चाक, मग हे. माझे आर्म निघाले तेव्हा हा क्रम उलटा झाला होता.

गॅरेजमध्ये गेल्यावर "व्हायब्रेशन आहे" म्हणू नका, नोंदीचा कागद वाचून दाखवा, असं काहीतरी: "दादा, ८५ ला सुरू होते, १०० ला जास्त, सीटमध्ये जाणवते, गिअर बदलून फरक नाही, ब्रेकला फरक नाही, मागची चाकं पुढे टाकली तर स्टिअरिंगमध्ये आली." एवढं ऐकल्यावर चांगला मेकॅनिक सरळ चाकच खोलेल. आणि शक्य असेल तर त्यालाच शेजारी बसवून त्या स्पीडला गाडी चालवून दाखवा, गॅरेजच्या दारात उभ्या गाडीत यातलं काहीच दिसत नाही.

काम झालं की त्याच रस्त्यावर, त्याच स्पीडला, तेवढीच माणसं बसवून परत बघा. चाक खोललं असेल तर नट समोरासमोरचे, एकाआड एक, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या टॉर्कने घट्ट करून घ्या, गनने धडाधड नको, त्याने डिस्कवर असमान दाब येतो. मग ८०-१०० किमी चालल्यावर, थंड झाल्यावर, डिकीतला पाना काढून सगळे नट एकदा स्वतः तपासा, पहिल्या दिवशी घट्ट असलेला नट तेवढ्यात थोडा बसतो.